दोन बोटांची शाई

कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव तसं लहान. तीनशे-सव्वातीनशे उंबरा. पण दर दोन-तीन घरांमागं एक माणूस फौजेत. सातारा जिल्ह्यात हे काही नवलाचं नाही. अपशिंगे गावाला तर लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. आमच्या गावाच्या नावापुढं मिलिटरी लागलं नाही एवढंच. बाकी दिवाळीच्या तोंडावर एसटीतून उतरणाऱ्या काळ्या ट्रंका, पोस्टमनची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या आणि '५६ एपीओ' हा पत्ता पोरासोरांनाही पाठ, हे सगळं तेच.

निवडणूक आली की मात्र ह्या घरांमध्ये एक विषय निघायचा आणि अर्धवट राहायचा. मतदार यादीत फौजींची नावं वेगळ्या भागात, अगदी शेवटी असतात. मतदानाच्या दिवशी गावातल्या पुढाऱ्याची माणसं यादी मांडीवर घेऊन बसायची. कोण येऊन गेलं, कोण राहिलं, पेनानं खुणा व्हायच्या. त्या शेवटच्या पानांवर खूण कधी व्हायची नाही. लहानपणी मी आबांना विचारलं होतं, "ह्यांची मतं कुठं जात्यात?" आबा म्हणाले, "पोस्टात."

आबा स्वतः पलटणीतनं हवालदार होऊन आलेले. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेकडं होते. सगळ्या नोकरीत आपण एकदाही मत दिलं नाही, हे ते सहज सांगायचे, जसं एखादा माणूस आपण कधी समुद्र बघितला नाही म्हणून सांगतो. पेन्शनवर आल्यावर मात्र त्यांनी एकही मतदान चुकवलं नाही. त्यांचा पक्ष ठरलेला, माणूस ठरलेला. आणि आबांचं ठरलं की घराचं ठरलं. आई त्यांच्या मागोमाग शाळेत जायची, निघताना आबा चिन्हाचं नाव एकदा सांगायचे, ती मान हलवायची. पुढं मी मतदार झालो तेव्हा मलाही तसंच सांगितलं गेलं आणि मीही मान हलवली.

दादाचं तसं नव्हतं. माझा थोरला भाऊ. १९८९ ला भरती झाला, मराठा लाइट इन्फंट्रीत. सुट्टीवर आला की आबांशी राजकारणावर वाद घालायचा. आबा चिडायचे, म्हणायचे, "तू मत देतोस कुटं? मग कशाला तोंड वाजवतोस?" ह्यावर दादा गप्प व्हायचा, कारण ते खरं होतं.

१९९९ साली त्याची चांगली ओळख पटली. कारगिलची लढाई जुलैअखेर थांबली आणि सप्टेंबरात लोकसभा आणि विधानसभा दोन्हींचं मतदान एकदम आलं. गावोगावी भाषणांत जवानांशिवाय दुसरा विषय नव्हता. आमच्या रानात तेव्हा वाघ्या घेवड्याची काढणी चालली होती आणि बांधावरून जाणाऱ्या जीपच्या कर्ण्यातून फौजींचा जयजयकार ऐकू यायचा. दादा तेव्हा काश्मीरमध्ये पुढच्या चौकीवर. ६ ऑक्टोबरला मतमोजणी झाली. दिवाळीला दादा घरी आला, ट्रंकेतून एक जाड पाकीट काढून आबांपुढं ठेवलं. त्यात मतपत्रिका होत्या, कोऱ्या. त्याच्या हातात त्या पडल्या तेव्हा निकाल लागून गेला होता.

त्या पाकिटाची रचना मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मतपत्रिका घालायला लहान पाकीट. ते ज्यात घालायचं ते मोठं पाकीट. आणि मीच तो मतदार, असं लिहून द्यायचा कागद, त्यावर साहेबाची साक्षीची सही. आपण नुसतं "पोस्टात" म्हणतो, पण त्या कागदाचा प्रवास मोठा. उमेदवारांनी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्याशिवाय मतपत्रिका छापताच येत नाही. तिथून मतदानाला कायद्यानं किमान चौदा दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत, फार तर मोजणी लांब असेल तर आणखी थोड्या, ती छापून रेकॉर्ड ऑफिसला जायची, तिथून पलटणीला, पलटणीतून जिथं कंपनी असेल तिथं, आणि कधी कधी शेवटचा टप्पा खेचराच्या पाठीवरून. मग खूण करून त्याच वाटेनं परत. मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत ती पोचली पाहिजे. आठ वाजून गेले की ती नुसता कागद. ह्यात चूक कुणाची म्हणायची? डोंगराची म्हणा.

आबांनी मतपत्रिका उलटसुलट करून बघितली. त्यांना पसंत असलेल्या माणसाचं नाव त्यात होतंच. ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "माझ्या येळी एवढं तरी कुटं आलं हुतं."

पुढं २००३ मध्ये कायदा बदलला. फौजीनं पोस्टाऐवजी आपला माणूस नेमायचा. तो माणूस फौजीच्या मतदारसंघात राहणारा आणि अठराच्या वरचा हवा. तो फौजीच्या वतीनं गावच्या केंद्रावर जाऊन मत देणार. प्रॉक्सी म्हणतात त्याला. दादाच्या पलटणीत ही माहिती आली आणि २००४ च्या लोकसभेच्या आधी त्यानं फॉर्म भरला. नमुना १३ एफ. कमांडिंग ऑफिसरसमोर सही केली आणि पाठवून दिला.

पाकीट आलं तेव्हा मला खात्री होती, माझं नाव असणार. घरात शिकलेला मी, दादाचे सगळे कागद मी सांभाळायचो, सोसायटीचं कर्ज, सातबारा, सगळं. वहिनी मुलांना घेऊन पुण्याला भावाजवळ होती, म्हणजे तिचा प्रश्न नव्हता. कागद उघडला तर नाव आईचं.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आई शाळेत गेलेली नाही. अंगठा उठवणारी बाई. आबा तर हसलेच. "बरं झालं," म्हणाले, "म्हंजी मलाच नेमलं की."

आईला घेऊन मी कोरेगावला कोर्टात गेलो. नोटरीसमोर तिला अंगठा करायचा होता. वकिलानं विचारलं, "आजी, मुलाच्या वतीनं मत द्यायला तयार आहात का?" आई तेव्हा आजी म्हणावी एवढी म्हातारीही नव्हती. ती म्हणाली, "त्यानं सांगितलंय न्हवं, मग देनार की." अंगठ्याची शाई तिनं पदराला न पुसता तशीच ठेवली, एसटीत हात उताणा मांडीवर ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला जाऊन फॉर्म कचेरीत दिला.

मतदानाच्या आठेक दिवस आधी दादाचं पत्र आलं. पाकिटावर आईचं नाव. गावात फोन होता, किराणा दुकानातला डबा, पण तिथं बोललेलं संध्याकाळपर्यंत पारावर पोचायचं. म्हणून त्यानं लिहिलं होतं.

आई गोठ्यात शेण भरत होती. मी तिथंच उभं राहून वाचायला लागलो. सगळ्यांची खुशाली. थंडी कमी झाली. आबांच्या गुडघ्याला तेल लावा. मग मताचं. दादानं साफ लिहिलं होतं की माझं मत आबांच्या माणसाला द्यायचं नाही. समोरच्याला द्यायचं. कारणही दिलं होतं. फाट्यावरून गावापर्यंत तीन किलोमीटर मी दर सुट्टीत डोक्यावर ट्रंक घेऊन चालत येतो. पाच वर्षांपूर्वी रस्ता करतो म्हणाले होते. मी अजून चालतोच आहे.

आता माझं सांगतो. त्या वेळी मीही आबांच्या माणसाच्या बाजूनं होतो, आणि नुसता आबांमुळं नाही. आमच्या ओढ्यावर बंधारा होणार असं त्यांच्या गावातल्या माणसानं मला सांगितलं होतं. बंधारा झाला तर माझं दीड एकर बागायत होणार होतं. दादाला रस्ता हवा, मला पाणी. दादा वर्षातून दोनदा रस्त्यानं येतो, मी रोज त्या रानात राबतो. हे सगळं डोक्यात यायला काही क्षण लागले नाहीत. मी वाचलं, "बाकी मत तुला योग्य वाटेल तिथं दे." आणि पत्राची घडी घातली.

आई म्हणाली, "बघू."

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पत्र मागितलं. घडी उलगडून धरली. तिला एक अक्षर कळत नव्हतं. तिनं बोटानं वरपासून खालपर्यंत ओळी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाली, "तू हितवर वाचलंस. खाली एवढ्या वळी राहिल्या की. त्या कशाच्या?"

मी काही बोललो नाही.

"आरं वाच की. त्यानं काय लिवलंय त्येच वाच."

मी वाचलं. ट्रंक, रस्ता, चिन्ह, सगळं. तिनं चिन्ह दोनदा विचारून घेतलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "आबास्नी सांगू नगं," आणि पाटी उचलून उकिरड्याकडं गेली. त्या दिवसापासून आजपर्यंत त्या खालच्या ओळींबद्दल तिनं मला एक शब्द विचारलेला नाही.

मतदानाच्या आदल्या रात्री जेवताना आबांनी विषय काढला. "दोन मतं हायती तुज्याकडं. दोनी एकाच ठिकानी पडली पायजेत." आई भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यातलं एक माझं न्हाई." आबांना ते नीट ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं असावं. ते हात धुवायला उठले.

त्या साली आमच्या शाळेत मतदानाचं मशीन पहिल्यांदाच आलं होतं. देशभर सगळीकडं मशीनवर झालेली ती पहिली लोकसभा. रांग मोठी होती. आईनं आधी तिचं मत दिलं, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागली. मग मी केंद्राध्यक्षांना प्रॉक्सीचं सांगितलं. बाकावर बसलेला एक पोलिंग एजंट लगेच उठला. "एक बाई दोनदा कशी काय देती? ही कुठली लोकशाही?" रांगेतली माणसंही आत डोकावायला लागली. केंद्राध्यक्ष शांत मास्तर होता. त्यानं फाईलमधून एक वेगळी यादी काढली. त्यात दादाचं नाव, पलटण, आणि पुढं आईचं नाव. त्यानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्गात सगळे गप्प झाले. आईनं पुन्हा अंगठा उठवला. ह्या वेळी शाई तर्जनीला नाही, मधल्या बोटाला लावली. प्रॉक्सीचा नियम तसाच आहे. आपल्या मताचं बोट वेगळं, दुसऱ्याच्या मताचं वेगळं.

ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली. जरा वेळ लागला. मग मशीनचा लांब आवाज आला.

घरी आल्यावर आबा ओट्यावरच होते. "काय, दोनी दिली?"

"दिली."

"कुटं?"

"त्याचं त्यानं सांगितलं तिथं दिलं."

आबा थोडा वेळ थांबले. "आन तुजं?"

"माझं माझ्या जागी."

तीसेक वर्षांच्या संसारात आबांनी तिला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. आधी कधी विचारायची वेळ आली नव्हती, कारण उत्तर त्यांचंच असायचं. ते चिडले नाहीत. चंची काढली, पान लावलं आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. तिनं स्वतःचं मत कुणाला दिलं हे त्यांना कळलं नाही, मला नाही, दादालाही नाही. दिवसभर नळावर बायका तिची दोन बोटं बघून जात होत्या.

निवडून कोण आलं, बंधारा झाला का, रस्ता झाला का, हे इथं सांगण्यात अर्थ नाही. दोन्ही झाले, फार उशिरा, आणि श्रेय बऱ्याच जणांनी घेतलं.

जूनमध्ये दादा सुट्टीवर आला तेव्हा तिच्या मधल्या बोटाच्या नखावर शाईची कड अजून होती. त्यानं तो हात हातात घेऊन बघितला. "दिलं?" म्हणाला. "दिलं," ती म्हणाली. कुठं दिलं, हे त्यानं विचारलं नाही. मी तिथंच होतो. त्या खालच्या ओळींचं मी त्याला सांगितलं नाही. आज ह्या पानावर तो पहिल्यांदा वाचेल.

मी पुष्कळदा विचार केलाय. पोस्टाच्या मताला उशिराचं भय, पण ते दोन पाकिटांच्या आत बंद असतं. प्रॉक्सीच्या मताला उशिराचं भय नाही, पण ते दुसऱ्या माणसाच्या हातात असतं. त्यानं सांगितलेलं बटण दाबलं की दुसरं, हे बघायची सोय नाही. असूही शकत नाही, कारण मत गुप्त आहे. म्हणजे कायदा माणूस नेमायला सांगतो आणि पुढं सगळं त्या माणसावर सोडतो. शिकलेला माणूस नेमा असं कायद्यात नाही. दादाला ते बरोबर कळलं होतं.

पुढं आणखी बदल झाले. दादा २०१३ ला पेन्शनवर आला आणि त्याचा मुलगा भरती झाला. २०१६ मध्ये नियम झाला की फौजीची मतपत्रिका कॉम्प्युटरवरून पाठवायची. २०१९ च्या लोकसभेला पुतण्या सिक्कीमच्या बाजूला होता. त्याच्या युनिटमध्ये ती पासवर्ड टाकून उघडली, छापली, त्यानं खूण केली, पाकिटात घातली आणि स्पीड पोस्टानं परत पाठवली. तिकिटाला एक पैसा लागला नाही. पाकिटावर काळ्या चौकोनांचा कोड, तो मोजणीच्या टेबलावर यंत्रानं तपासतात, म्हणजे खोटं पाकीट घुसत नाही. जाताना तारेनं, येताना पोस्टानं. निम्मा प्रवास वाचला. त्या साली सुमारे १८ लाख फौजी आणि इतर सेवा मतदारांना अशा मतपत्रिका गेल्या आणि जवळपास ११ लाख परत आल्या. शंभरातली साठ. पुतण्याचा फोन आला, "काका, गेलं माझं." दादा ओट्यावर बसून ऐकत होता. त्यानं १९९९ चं ते कोरं पाकीट अजून ट्रंकेत ठेवलंय.

आता माझ्या मुलाचं. तो फौजेत गेला नाही. आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियन झाला आणि २०२२ ला मस्कतला गेला. ७ मे २०२४ ला आमच्याकडं मतदान होतं. संध्याकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला. आईनं बोट दाखवलं, एकच. तो म्हणाला, "पप्पा, दादाचं मत पार सरहद्दीवरनं येतं. माझं मस्कतवरनं का येत न्हाई? विमानानं तीन तास पण लागत न्हाईत."

मी त्याला नियम सांगितला. बाहेर देशी राहणाऱ्या भारतीयाला २०११ पासून यादीत नाव लावता येतं, पासपोर्टवरच्या गावच्या पत्त्यावर. पण मत द्यायला त्यानं स्वतः यायचं, मूळ पासपोर्ट दाखवायचा. पोस्ट नाही, प्रॉक्सी नाही. प्रॉक्सी द्यायचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत राहिलं आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. २०१९ ला सगळ्या देशात असे सुमारे २५ हजार लोक येऊन मत देऊन गेले, आणि ते जवळजवळ सगळे केरळचे.

"म्हंजी एका मतासाठी मी पगार बुडवून तिकीट काढायचं," तो म्हणाला.

"तसंच."

"मी लढाईला गेलो न्हाई, पण पैसं तर घरीच पाठवतो की."

ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. फौजीला सरकारनं पाठवलेलं असतं, ह्याला पोटानं पाठवलंय, एवढाच फरक मला दिसतो. पण त्याच्या मालकाचा, त्याच्या खोलीतल्या मुकादमाचा दाब त्याच्या मतावर पडणार नाही ह्याची काळजी तिथं कोण घेणार, हाही प्रश्न आहेच. फौजीच्या कागदावर साहेबाची साक्ष असते. ह्याच्या कागदावर कुणाची घ्यायची?

तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पप्पा, समजा प्रॉक्सीचा कायदा झाला. मी तुमचं नाव घातलं, आन तुम्हाला न पटणारं चिन्ह सांगितलं. तर द्याल का?"

मी हो म्हणणार होतो. शेजारी आई बसली होती, माळेचे मणी मोजत. तिनं मान वर केली नाही. मग मी त्याला २००४ चं सगळं सांगितलं, गोठ्यातलं, खालच्या ओळींसकट. वीस वर्षांत पहिल्यांदा. आईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. मण्यांची बोटं थांबली नव्हती.

तिकडून पोरगं मोठ्यानं हसलं. "मग मी आजीलाच नेमीन," म्हणाला.